ऋतुचक्र आणि शून्य

मराठींत निसर्गावर जें लिहिलें गेलें आहे, त्याचा पाया पुनरागमनाचा आहे. चैत्रांत पालवी फुटते, मृगांत शेतें भिजतात, श्रावणांत रानफुलें येतात, आणि वर्ष फिरून पुन्हां चैत्र येतो. हें येणें कधीं चुकावयाचें नाहीं अशी लेखकाची खात्री असते, आणि न बोलतां ती वाचकाच्याहि मनांत उतरते. संस्कृत कवींचीं ऋतुवर्णनें, बायकांच्या ओव्या, बालकवींची कविता, येथपासून थेट दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'पर्यंत (१९५६) ही एक अखंड परंपरा आहे. तिच्या थोरवीविषयीं वाद नाहीं. परंतु गेल्या पन्नास-साठ वर्षांत जीवशास्त्रानें एक प्रश्न नेटानें विचारावयास आरंभ केला आहे, आणि त्या प्रश्नापुढें या परंपरेचा पाया तपासून पाहणें टीकाकारास भाग आहे. प्रश्न दिसावयास साधा आहे. ही जमीन अशीच बदलत राहिली, आणि हें हवामान असेंच पालटत राहिलें, तर अमुक एक जात या ठिकाणीं आणखी शंभर वर्षें टिकेल काय?

याचें उत्तर गणितानें काढण्याचे जे प्रयत्न चालूं आहेत, त्यांकडे वाङ्मयाच्या अभ्यासकानें पाहण्याचें कारण नाहीं असें पुष्कळांस वाटेल. मला तसें वाटत नाहीं. ज्यास शास्त्रज्ञ 'मॉडेल' म्हणतात आणि आपण प्रतिमान म्हणूं, तीहि एक रचना आहे. तिचा आरंभ 'समजा' या शब्दानें होतो. कादंबरीचाहि त्यानेंच होतो. फरक इतकाच कीं कादंबरीकार तो शब्द उच्चारीत नाहीं. आणि जें रचलेलें आहे, त्यांत काय घेतलें व काय गाळलें, हें पाहण्याचा टीकेस अधिकार आहे.

प्रथम 'ऋतुचक्र' घेऊं. या पुस्तकाचें मोठेपण कशांत आहे? दुर्गाबाईंपाशीं संस्कृत काव्याचा व्यासंग होता, लोकसाहित्याचा होता, आणि त्याखेरीज रस्त्याच्या कडेच्या झाडापाशीं थांबून त्याची साल, कळी, वास हीं निरखण्याचा धीर होता. मराठी निबंधांत झाड तोंवर बहुधा उपमेच्या कामीं येई. येथें तें स्वतःच्या नांवानें उभें राहिलें. परंतु पुस्तकाचा घाट बारा महिन्यांचा आहे, आणि घाट म्हणजे नुसती मांडणी नव्हे, त्यांत एक प्रतिज्ञा असते. बारावा निबंध संपला कीं पहिला पुन्हां उघडावा, आणि खिडकींतून पाहिलें तर तेंच झाड त्याच फुलांनिशीं उभें असावें, ही ती प्रतिज्ञा होय. हीं झाडें किती आहेत, दहा वर्षांपूर्वीं किती होतीं, त्यांच्या खालीं रोपें उगवलीं आहेत कीं नाहींत, हे प्रश्न या घाटांत बसत नाहींत. ते विचारले कीं चक्र मोडतें. दोष लेखिकेच्या डोळ्यांचा नाहीं. असे डोळे मराठींत फार थोड्यांना लाभले. दोष असलाच तर आपल्या पंचांगाचा आहे.

मराठी लेखकास लोप दिसतच नव्हता असें मात्र नाहीं. 'ऋतुचक्रा'च्या आदल्याच वर्षीं व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुस्तकरूपानें आली. माणदेशांतील मेंढपाळांचें तें खेडें दुष्काळांत ओस पडतें. कोणी शत्रु चालून येत नाहीं. पाऊस पडत नाहीं, मेंढरें मरतात, बिऱ्हाडें उठतात. एक वस्ती एका जागेवरून कशी पुसली जाते, याचें इतकें संयमी चित्र आपल्या कादंबरींत विरळा. पण ती वस्ती माणसांची आहे. त्याच लेखकानें पुढें वानरांच्या टोळ्यांवर 'सत्तांतर' (१९८२) लिहिली. तींत नायक बदलतात, रक्त सांडतें; वानरांची जात मात्र टिकणारच, हें धरून चाललेलें आहे. माणसांची वाडी उठूं शकते आणि पशुपक्ष्यांची उठत नाहीं, असा हा आपल्या साहित्याचा अलिखित संकेत दिसतो.

गणित करणारा मनुष्य हा संकेत मानीत नाहीं. तो चक्राच्या जागीं एक वांकडीतिकडी रेघ काढतो. ही रेघ म्हणजे एखाद्या जातीची दरसालची संख्या. चांगल्या वर्षीं ती वर जाते, वाईट वर्षीं खालीं येते. आणि अगदीं तळाशीं शून्याची आडवी रेघ असते. या शून्यास एक विलक्षण गुण आहे. इतर कोणत्याहि आंकड्यावरून संख्या पुन्हां वर चढूं शकते, शून्यावरून चढत नाहीं. दुसरीकडून कोणी आलें तरच पुन्हां आरंभ होतो. म्हणून संख्या सरासरीनें किती आहे यापेक्षां ती हेलकावे खातांना तळाला केव्हां लागेल, या गोष्टीस हें शास्त्र अधिक महत्त्व देतें.

या बाबतींत अमेरिकेंतील हीथ हेन या कोंबडीवजा पक्ष्याची कथा सांगण्याची रीत आहे, आणि ती सांगण्यासारखीच आहे. एके काळीं तो पक्षी पूर्वकिनाऱ्यावर विपुल होता. पुढें तो एका बेटावर शंभराच्या आंत उरला. १९०८ सालीं त्याच्यासाठीं जागा राखण्यांत आली, शिकार थांबली, आणि कांहीं वर्षांत संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. येथें ऋतुचक्राचा लेखक पुस्तक मिटून समाधानानें उठला असता. १९१६ सालीं विणीच्या दिवसांत वणवा लागला. पाठोपाठ कडक हिंवाळा आला, ससाणे आले. उरल्यासुरल्यांत नर फार आणि माद्या थोड्या अशी स्थिति झाली. पुढें रोग आला. शेवटचा पक्षी १९३२ सालीं दिसला. यांतील एकहि आपत्ति नवी नव्हती. वणवे, थंडी, ससाणे हीं हजारों वर्षें होतींच. पण पूर्वीं तीं एका ठिकाणीं आलीं तरी दुसऱ्या ठिकाणीं पक्षी उरत. आतां दुसरें ठिकाणच नव्हतें.

आपल्याकडे माळढोकाचें उदाहरण याहून फारसें निराळें नाहीं. सोलापूरकडे नान्नज येथें १९७९ सालीं त्याच्यासाठीं अभयारण्य झालें. कागदावर तें जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचें होतें. पुढें तें सुमारें बाराशेंवर आणण्यांत आलें. मधल्या काळांत माळ जाऊन ऊंस आणि द्राक्षें आलीं. २०११ सालीं सुतीर्थ दत्ता, असद रहमानी व यादवेंद्रदेव झाला या तिघांनीं या पक्ष्याच्या टिकावाचें गणित प्रसिद्ध केलें. त्या निबंधाच्या मथळ्यांतच वेळ संपत आला काय, असा प्रश्न होता. आज नान्नजला एखादा पक्षी दिसला तर त्याची बातमी होते. माळढोकावर मराठींत बातम्या पुष्कळ आल्या, कळकळीचे लेखहि आले. पण संख्या घटण्याची जी दीर्घ, कंटाळवाणी, वर्षानुवर्षांची प्रक्रिया, तिला धरून लिहिलेलें पुस्तक मला माहीत नाहीं.

माळढोक दुर्मिळ आहे, आणि दुर्मिळाविषयीं हळहळणें सोपें असतें. प्रतिमानाची खरी परीक्षा साध्या पाखरावर आणि साध्या गांवावर करून पाहावी. गांव म्हणून रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यांतील कुंभिवली घेऊं. या नांवाचा उगम कुंभ्याच्या झाडांत असावा असें मला वाटतें, आणि तसें असेल तर हें नांव म्हणजे जमिनीच्या वहिवाटीची एक जुनी नोंदच आहे. कुंभा जाड सालीचा. डोंगराला वणवा लागून नाजूक झाडें मरतात तेव्हां हा टिकतो. त्याची फुलें रात्रीं उमलून सकाळीं खालीं पडतात. त्याच्या सालीच्या तंतूंची पूर्वीं तोड्याच्या बंदुकीस वात करीत. जेथें कुंभे फार, तेथें आग वारंवार फिरलेली, असा तर्क वनस्पति जाणणारे करतात. म्हणजे गांवाला नांव पडलें तेव्हांच हें रान माणसाच्या हातचें झालेलें होतें. 'अस्पर्श निसर्ग' ही कवींची आवडती वस्तु कर्जत-खालापुराकडे फार दिवसांत कोणी पाहिलेली नाहीं.

पाखरूं म्हणून सुगरण घेऊं. ती भाताच्या मुलुखांतली आहे, आणि तिच्यावर आपल्या जिल्ह्याचा हक्क आहे. सालिम अलींनीं १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला राहून तिच्या विणीचा जो अभ्यास केला, त्यानें त्यांचें नांव झालें. त्यांना असें आढळलें कीं घरटें विणतो तो नर. तें अर्धें झालें कीं मादी येऊन पाहते. पसंत पडलें तर राहते, आणि मग नर तें पुरें करून शेजारीं दुसरें घरटें, दुसऱ्या मादीसाठीं, विणूं लागतो. पसंत न पडलेलीं घरटीं अर्धवट लोंबत राहतात. आपल्या भाषेनें या पक्ष्यास सुगरण असें स्त्रीचें नांव दिलें, आणि बहिणाबाई चौधरींच्या कवितेंतहि तो खोपा पिलांसाठीं आई करते. कविता त्यानें उणी होत नाहीं. बहिणाबाईंना पक्षिशास्त्र सांगावयाचें नव्हतें. पण मोजणाऱ्यानें मात्र सावध असलें पाहिजे. झाडावर चाळीस घरटीं लोंबलीं म्हणजे चाळीस जोडपीं, असा हिशेब करणारा फसतो. भीमाशंकरच्या शेकरूचीहि हीच गोष्ट आहे. एक शेकरूं अनेक घरटीं बांधतें, आणि गणना बहुधा घरट्यांवरून होते. प्रतिमान कितीहि सुंदर असो, त्याच्या मुळाशीं कोणींतरी उन्हांत उभें राहून केलेली अशी एक मोजणी असते, आणि ती चुकली तर वरचें सारें गणित व्यर्थ होय.

आतां प्रतिमान कसें चालतें तें पाहूं. १९६९ सालीं रिचर्ड लेव्हिन्स यांनीं एक समीकरण मांडलें. गमतीची गोष्ट अशी कीं तें लिहिण्यांत त्यांचा हेतु पिकांवरील कीड कशी आटोक्यांत आणावी हा होता. पुढच्या पिढीनें तेंच उलट बाजूनें वाचून जाती वांचविण्यास लावलें. ग्रंथाचा अर्थ ग्रंथकाराच्या हातीं राहत नाहीं, हें टीकाशास्त्रांतील तत्त्व गणितासहि लागू पडतें असें दिसतें.

समजा, आपल्या टापूंत सुगरणीच्या वसाहतीस योग्य अशीं शंभर झाडें आहेत. विहिरीवर कललेलीं, ओढ्याकांठचीं, शिंदीचीं, बाभळीचीं. भरलेल्या झाडांपैकीं दरसाल पांचांत एक या मानानें सुटतें. कधीं वादळानें, कधीं सापामुळें, कधीं नुसत्या योगायोगानें. उलट, दर दोन भरलेल्या झाडांमागें वर्षाला एक या मानानें नवी वसाहत बाहेर पडते. ती रिकाम्या योग्य झाडावर पोंचली तर रुजते, नाहींतर वाया जाते. हे आंकडे केवळ उदाहरणाचे आहेत. यांवरून हिशेब केला तर शंभरांपैकीं साठ झाडें भरलेलीं आणि चाळीस रिकामीं, अशी स्थिति स्थिर होते. भरलेलीं साठ नेहमीं तींच नसतात. यंदाचें रिकामें झाड पुढें भरतें, यंदाचें भरलेलें रिकामें होतें; परंतु साठ आणि चाळीस हें प्रमाण राहतें. येथवर हेंहि एक चक्रच आहे.

आतां तीस झाडें तोडा. उरलीं सत्तर. सरळ बुद्धि म्हणेल, सत्तरांचे तीन-पंचमांश, म्हणजे बेचाळीस भरलेलीं राहतील. गणित म्हणतें, तीस. कारण बाहेर पडलेल्या वसाहती आतां तोडलेल्या जागांकडेहि जातात आणि फुकट जातात. आणि साठ झाडें तोडलीं तर? चाळीस योग्य झाडें अजून उभीं आहेत, प्रत्येकावर घरटें लोंबूं शकेल अशी फांदी आहे. तरीहि तेथें सुगरण उरत नाहीं. जातीचें शून्य जागेच्या शून्याच्या पुष्कळ आधीं येतें. हें विधान मी प्रथम वाचलें तेव्हां त्यांतील युक्ति मला शब्दच्छलासारखी वाटली होती. कागद घेऊन आंकडे मांडल्यावर तसें वाटेनासें झालें. वाचकांनींहि मांडून पाहावे.

यांतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती मला या सर्व शास्त्रांतील अत्यंत मार्मिक वाटते. जीं चाळीस झाडें रिकामीं होतीं, तीं निरुपयोगी नव्हतीं. प्लॉट पाडणारा मनुष्य म्हणतो, या झाडावर कांहीं नाहीं, हें तोडलें तर कोणाचें काय गेलें? बरें, तो खोटें बोलत नाहीं. त्या वर्षीं त्यावर खरोखरच कांहीं नसतें. पण जातीचा टिकाव जितका भरलेल्या झाडांवर, तितकाच रिकाम्या झाडांवर अवलंबून असतो. दुसरें असें कीं झाडें तोडतांच पाखरें जात नाहींत. तीं वर्षानुवर्षें हळूहळू कमी होत नव्या, खालच्या प्रमाणापर्यंत उतरतात, आणि तें प्रमाण शून्य असेल तर शून्यापर्यंत. तोंवर पाहणाऱ्यास तीं दिसतच असतात. १९९४ सालीं टिलमन आणि त्यांचे सहकारी यांनीं या अवस्थेस विनाशाचें ऋण असें नांव दिलें. देव, ऋषि आणि पितर यांच्या ऋणांत वाढलेल्या आपल्या वाचकास ही कल्पना परकी वाटूं नये. मात्र येथील सावकार तगादा लावीत नाहीं, आणि वही पाहावयास मागितल्याशिवाय दाखवीत नाहीं. ज्या वर्षीं एखाद्या लेखकानें सुगरणीच्या खोप्यांचें सुरेख वर्णन केलें, त्याच वर्षीं तिचा निकाल लागून चुकलेला असणें शक्य आहे. वर्णन खरें, आणि तरी अपुरें.

येथवर प्रतिमानाची बाजू झाली. आतां त्याचें उणें सांगितलें पाहिजे. लेव्हिन्सच्या समीकरणांत वसाहत सुटण्याच्या वेगास एक अक्षर आहे. कुंभिवलीसारख्या गांवीं या एका अक्षरांत काय काय कोंबलेलें असतें तें पाहावें. भात आहे, डोंगरउतारावरची नाचणी-वरीची वरकस जमीन आहे, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, आणि राब आहे. पावसापूर्वीं ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण रोपांच्या जागेवर पसरून भाजावयाचें, आणि त्या भाजलेल्या भुईंत भात पेरावयाचें, ही कोंकणची जुनी रीत. वनाधिकाऱ्यास ती नासाडी वाटली, कुणब्यास तिच्यावांचून लावणी अशक्य वाटली. हा तंटा इतका वाढला कीं मुंबई सरकारनें १८८५ सालीं ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांच्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांसाठीं एक कमिशन नेमलें. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. म्हणजे 'जमिनीची व्यवस्था बदलली तर काय टिकेल' हा प्रश्न या मुलुखास नवा नाहीं. फक्त त्या वेळीं टिकण्या-न टिकण्याचा विचार झाला तो सागवानाचा आणि शेतकऱ्याचा. पाखरास त्या कमिशनपुढें साक्ष द्यावयास कोणी बोलाविलें नाहीं.

एका अक्षरांत हा इतिहास मावत नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्यांतील क्रमहि हरवतो. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला, तो खालापुरांतून गेला आहे. २०१३ सालीं नव्या मुंबईच्या विमानतळाभोंवतीं जें प्रभावक्षेत्र ठरविलें, त्यांत या बाजूचीं गांवें आलीं. त्यामुळें जमिनीस भाव आला. परंतु जमीन एका दिवसांत शेताची बंगला होत नाहीं. आधीं मुलगा कारखान्यांत लागतो, मग वरकस सुटते, मग भात पडीक राहतें, मग जमीन विकली जाते, मग कुंपण होतें, आणि शेवटीं हिरवळ लावतात. यांतील पडीक वर्षांत गवत माजतें, आणि सुगरणीस विणावयास लांब पात्या हव्याच असतात. तेव्हां कदाचित् तिची चंगळच होत असेल. हिरवळीचें गवत बोटभर कापलेलें असतें; त्याची पाती विणतां येत नाहीं. तेव्हां पडीक वर्षांत कोणी मोजणी केली तर पाखरें वाढलीं असा निष्कर्ष निघेल, आणि तो त्या वर्षापुरता खरा असेल! कादंबरीकारास हा क्रम सहज दिसतो. एका घराच्या तीन पिढ्या घेतल्या कीं तो आपोआप येतो. गणित्यास तो मुद्दाम, वर्षावर्षाच्या नकाशांनीं, आंत आणावा लागतो. अलीकडचीं चांगलीं प्रतिमानें तो आणूं लागलीं आहेत, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

हवामानाविषयीं मी थोडक्यांत लिहितों. उष्मा वाढला कीं जाती थंडाव्याच्या शोधांत डोंगर चढतात, असें प्रतिमानें धरून चालतात. पण माथेरानचा माथा आठशें मीटरांच्या आसपास संपतो. त्याच्या वर चढावयास कांहीं नाहीं. याहून महत्त्वाचा प्रश्न सरासरीचा आहे. पुढील पन्नास वर्षांत पाऊस सरासरीनें किती टक्के वाढेल, याची चर्चा पुष्कळ होते. सरासरी पावसानें कोणी मरत नाहीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं याच खालापूर तालुक्यांत इरशाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी डोंगर कोसळून गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हातीं लागले आणि सत्तावन्न माणसें बेपत्ता राहिलीं, तेव्हां शोध थांबवावा लागला. त्या डोंगराखालीं वाडीनें किती पावसाळे काढले असतील. ते सारे मिळून जी सरासरी होते, तिला त्या एका रात्रीपुढें कांहीं अर्थ उरला नाहीं. हीथ हेनच्या वणव्याची गोष्ट मीं वर सांगितली, ती याच जातीची. संख्या थोडी, ठिकाण एक, आणि एक वाईट रात्र.

जमीन व हवामान हीं दोन निराळीं कारणें म्हणून मांडण्याची जी पद्धत आहे, तीहि मला पटत नाहीं. मृग कोरडा गेला तर रोपें मरतात, दुबार पेरणी करावी लागते, आणि दोन वर्षें असें झालें तर कारखान्याची नोकरी अधिक शहाणपणाची वाटूं लागते. पाऊस येथें पाखरावर थेट पडतोच, शिवाय शेतकऱ्याच्या विचारांतून फिरूनहि पडतो.

पश्चिम घाटावर जे दोन अहवाल निघाले, ते मी याच दृष्टीनें वाचले. माधव गाडगीळांची समिति २०१० सालीं नेमली गेली, आणि तिनें २०११ सालीं अहवाल दिला. तिनें सगळ्या घाटाचे सुमारें नऊ किलोमीटर बाजूचे बावीसशेंवर चौकोन पाडले आणि एकेका चौकोनास गुण दिले. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीनें २०१३ सालीं चोवीस मीटरांपर्यंत बारीक पाहणारीं उपग्रहचित्रें वापरलीं. चाळण बारीक झाली; नजर अधिक लांब गेली काय? या दुसऱ्या समितीनें नैसर्गिक भूप्रदेश आणि सांस्कृतिक भूप्रदेश असा भेद केला. शेतें, वस्त्या, लागवडी हें सारें सांस्कृतिक, आणि तें जवळजवळ साठ टक्के भरलें. संरक्षणास पात्र ठरले सदतीस टक्के, आणि तेहि उरलेल्या नैसर्गिक भागांतले. प्रशासनाच्या सोयीनें हा भेद समजण्यासारखा आहे. परंतु वरील हिशेब डोळ्यांपुढें ठेवून पाहिलें तर त्याची अडचण लगेच दिसते. एका राईंतून दुसऱ्या राईंत जाणारें बीं, पाखरूं, शेकरूं जातें तें मधल्या जमिनीवरून. ती मधली जमीन म्हणजेच कुंभिवली. भात, बांधावरचीं झाडें, विहिरीवरची शिंदी, देवराई, हें सारें 'सांस्कृतिक' म्हणून बाजूस काढलें कीं समीकरणांतील नव्या वसाहतीचें अक्षरच पुसलें जातें. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनीं देवरायांवर १९७०-८० च्या दशकांत जे निबंध लिहिले, त्यांतील राई ही नैसर्गिक म्हणावी कीं सांस्कृतिक? ती देवाची, म्हणून टिकलेली. आणि टिकली म्हणून रान. आमच्या समजुतीनें पहिल्या अहवालाचे चौकोन ओबडधोबड होते खरे, पण त्यांत गांव आणि रान एकत्र राहत होतें. त्या अहवालांतील ग्रामसभेस विचारण्याचा आग्रह हा केवळ लोकशाहीचा उमाळा म्हणून वाचला गेला. तो गणिताच्या दृष्टीनेंहि बरोबर होता, कारण त्या अक्षरांची किंमत ग्रामसभेंतल्या माणसांनाच ठाऊक असते.

ही किंमत लिहून ठेवण्याची एक जागा कायद्यानें आधींच केलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालीं प्रत्येक स्थानिक संस्थेनें लोकांची जैवविविधता नोंदवही करावयाची असते. ती वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाहीं. मला वाटतें वाचली पाहिजे. तिच्या नमुन्यांत झाडाचें वा प्राण्याचें स्थानिक नांव, उपयोग, आणि पूर्वींची व आतांची स्थिति असा एक रकाना आहे. 'ऋतुचक्रा'नें जें विचारलें नाहीं आणि समीकरणास जें विचारतां येत नाहीं, तें या रकान्यांत मावतें. मात्र 'पूर्वीं' या शब्दापुढें साल पाहिजे, आणि 'कमी झालें' यापुढें झाड कोणतें, कोणाच्या विहिरीवरचें, शेवटचा खोपा कोणत्या पावसांत लोंबला, हें पाहिजे. नुसतें 'पूर्वीं पुष्कळ, आतां थोडें' इतकें लिहिलें तर त्यापासून कोणतेंच गणित होत नाहीं, आणि खरें पाहतां निबंधहि होत नाहीं. कुंभिवलीच्या वहींत असा रकाना भरावयाचा तर भातशेती सोडून वीस वर्षें झालेल्या घरांतील म्हाताऱ्यास, आणि वाडीवरच्या ठाकरणीस, फाल्गुनांत कुंभा फुलला असतां त्याच्याखालीं नेऊन विचारावें लागेल कीं, आजी, याचीं रोपें तुम्हीं शेवटचीं कधीं पाहिलींत?